नफा त्यांचा, नजर आमची

आपल्याकडे अनोळखी माणसाला गाव विचारतात, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा हे विचारतात, मुलगी कुठे दिली तेही विचारतात. पण पगार थेट विचारत नाहीत. तो आडवळणानं काढायचा असतो. कंपन्यांच्या बाबतीत मात्र हा संकोच सरकारनंच मोडीत काढला आहे. कंपनी छोटी असो की मोठी, तिनं दरवर्षी आपला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक कंपनी निबंधकाकडे दाखल करायचं, आणि ज्याला बघायचं असेल त्यानं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून खुशाल बघायचं. नावात 'प्रायव्हेट' असलेल्या कंपनीलाही यातून सूट नाही. शंभर रुपयांत हल्ली पुण्यात मिसळीवर ताक घ्यायचं म्हटलं तर विचार करावा लागतो, पण शेजारच्या कारखान्यानं वर्षभरात काय कमावलं ते तेवढ्यात कळतं.

कायद्याचा हेतू उदात्त आहे. भागधारकांना, बँकांना, पैसे अडकलेल्या मंडळींना कंपनीची खरी स्थिती कळावी. प्रत्यक्षात बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत भागधारक म्हणजे नवरा-बायको. त्यांची स्थिती त्यांना ठाऊक असते. संचालक म्हणून तेच सह्या करतात, आणि सीएच्या ऑफिसातल्या मुलीनं पेन्सिलीनं जिथं फुली मारली असेल तिथंच करतात. बँकेतला साहेब दोन पानं चाळून बाकीची फायलीला लावतो. मग हा ताळेबंद शेवटच्या टीपेपर्यंत मन लावून वाचतो कोण? ज्याला त्या कंपनीला काहीतरी विकायचं आहे तो.

मी त्यांपैकीच एक. आमची कंपनी एअर ड्रायर बनवते. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा ओलसर असते. ती तशीच पाइपातून फिरली की व्हॉल्व्ह गंजतात आणि पेंट शॉपमध्ये रंगाला फोड येतात. ती ओल काढून टाकणारं यंत्र आम्ही विकतो. माझ्या नातेवाइकांची मात्र ठाम समजूत आहे की मी केस वाळवायची यंत्रं विकतो, आणि घरच्या माणसाला सूट मिळावी ही त्यांची अपेक्षा दर लग्नसराईत वर येते.

पूर्वी गिऱ्हाईक शोधायचं म्हणजे भोसरी-चाकणला चक्कर टाकायची. कोणत्या गेटाआत दुचाकी जास्त, कुठून भंगाराचा टेम्पो भरून निघतो, दुसऱ्या पाळीला चहा किती जातो, यावरून कारखान्याची नाडी कळायची. पद्धत चांगली होती, पण तिला पेट्रोल लागायचं, रेनकोट लागायचा आणि वॉचमनशी पाऊस-पाण्याच्या गप्पा मारायची चिकाटी लागायची. मग आमच्याकडे एक पोरगा आला. सीए इंटरचे दोन ग्रुप असतात, त्यातला याचा एक सुटलेला आणि दुसऱ्यानं याला सोडलेलं. विक्री विभागात त्याला सगळे 'सीए इंटर' म्हणतात. एसीत बसून एमआयडीसी पालथी घालता येते, हे त्यानं आम्हाला दाखवलं.

सुरुवात तो कंपनीच्या ओळख क्रमांकापासून करतो. हा क्रमांक 21 अक्षरांचा. पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचे, मग राज्याची दोन अक्षरं, महाराष्ट्र असेल तर एमएच, मग स्थापनेचं साल. एवढ्यावर सीए इंटर सांगतो, "सर, कंपनी तीस वर्षांची आहे, म्हणजे आता मुलगा बघत असणार. मुलाला गाठू, त्याला नवीन मशीन आवडतात." धंद्याच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. कंपनी काढताना कागदावर एक धंदा लिहिला जातो आणि पुढे पोट भरतं दुसऱ्याच धंद्यानं. कापडाचा व्यापार करायला निघालेली माणसं आज गिअर कापताना सापडतात.

नवशिका सेल्समन ताळेबंदात आधी नफा शोधतो. सीए इंटर नफ्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचं म्हणणं, नफ्यातला मालक सुखी असतो आणि सुखी माणूस ड्रायर घेत नाही. दुःख शोधायचं. ते घसारा आणि यंत्रदुरुस्ती या दोन ओळींच्या मध्ये असतं. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साधारण यंत्राचं आयुष्य 15 वर्षं धरलं आहे आणि संगणकाचं 3. यंत्रं जुनी झाली की घसाऱ्याचा आकडा उतरत जातो. त्याच वेळी दुरुस्तीचा चढत असेल तर समजावं, कारखाना फिटरच्या पुण्याईवर चाललाय. जोडीला विजेचा खर्च विक्रीपेक्षा वेगानं वाढला असेल तर सीए इंटरच्या डोळ्यांत चमक येते. "सर, शंभर टक्के हवा लीक होतेय यांची!"

निदान बिनचूक असतं. औषध मात्र कुणी घेत नाही. ज्या मालकानं वीस वर्षं यंत्र बदललं नाही, तो एकविसाव्या वर्षी आपलं तोंड बघून बदलेल असं समजणं हा भाबडेपणा. असा मालक आपल्याला शेडमध्ये नेतो, त्या यंत्रावर प्रेमानं थाप मारतो आणि विचारतो, "चालतंय ना? मग?" या प्रश्नाला कुठल्याच माहितीपत्रकात उत्तर छापलेलं नसतं.

दुसरा हमखास मुद्दा म्हणजे 'कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस', अर्थात अपुरं राहिलेलं भांडवली काम. हा आकडा वाढला की कुठेतरी शेड उभी राहतेय, मशीन येतंय असा अर्थ. 2021 साली सरकारनं ताळेबंदाच्या नमुन्यात दुरुस्ती केली आणि या अपुऱ्या कामाचं वयही लिहायला लावलं: वर्षाच्या आतलं, एक ते दोन वर्षांचं, दोन ते तीनचं आणि तीन वर्षांच्या वरचं. पहिल्या रकान्यातल्या कामाकडे धावत जावं. शेवटच्या रकान्यातलं काम म्हणजे सळया आकाशाकडे बघत असलेला स्लॅब आणि त्यात रुजलेला पिंपळ.

एका कंपनीच्या पहिल्या रकान्यात काही कोटी दिसले म्हणून आम्ही दोघं इस्त्री करून गेलो. काम जोरात चाललं होतं यात शंका नाही. चेअरमनसाहेबांचं नवं केबिन होतं ते. इटालियन मार्बल, लाकडी छत आणि बाहेर कारंजं. सीए इंटर कारंज्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, कारंज्यात ओलच अपेक्षित असते.

संचालकांच्या अहवालाला एक जोडपत्र असतं. ऊर्जा बचतीसाठी काय केलं, नवं तंत्रज्ञान कोणतं आत्मसात केलं आणि परकीय चलन किती मिळवलं-घालवलं, हे त्यात सांगावं लागतं. आमच्यासारख्यांनी हे आधी वाचावं, कारण कंपनी काय करणार आहे याचा सुगावा इथं लागायला हवा. प्रत्यक्षात 'तंत्रज्ञान' या शब्दापुढे निरंक असतं आणि ऊर्जा बचतीपुढे 'एलईडी दिवे बसवले'. मागच्या वर्षीचा अहवाल काढा, एलईडी दिवे बसवले. त्याच्या आदल्या वर्षी, एलईडी दिवे बसवण्याचं काम हाती घेतलं. इतकी वर्षं इतके दिवे बसवल्यावर तो कारखाना रात्री विमानातून दिसायला हवा. आम्ही गेलो तेव्हा ऑफिसच्या जिन्यात ट्यूबलाइट फडफडत होती.

सगळ्यात वाचनीय टीप म्हणजे 'संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार'. कौटुंबिक मालिका बघणाऱ्यांनी ही एकदा वाचावी. टीव्हीची गरज उरणार नाही. गोडाऊनचं भाडं वहिनीसाहेबांना. काकांकडून बिनव्याजी कर्ज. जावयाच्या फर्मला लेबर कॉन्ट्रॅक्ट. वर्षामागून वर्ष वाचत गेलं की कथानक पुढे सरकतं. धाकट्या भावाचं मानधन थोरल्याइतकं होतं, ते पुढच्या साली निम्मं होतं. काकांचं कर्ज एकरकमी परत जातं. जावयाची फर्म यादीतून गायब. आणि एक दिवस पोर्टलवर संचालकाच्या राजीनाम्याचा फॉर्म येतो. तोही तीस दिवसांच्या आत भरावा लागतो, त्यामुळे शेवटचा भाग चुकत नाही.

भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं की आईचा जीव तुटतो, जुने कामगार हळहळतात, आणि एमआयडीसीत एका प्लॉटला मधोमध भिंत येते. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं, जिथं एक कॉम्प्रेसर आणि एक ड्रायर होता, तिथं आता दोन-दोन लागतात. अशा घरी आम्ही जातो तेव्हा चेहरा पडलेला ठेवतो. "वाईट वाटलं ऐकून, दादा," असं म्हणतो. दादाही "चालायचंच" म्हणतात. मग दोन मिनिटं शांततेत गेल्यावर बॅगेतून कोटेशन निघतं. त्यानंतर आम्ही धाकट्याकडे जातो आणि पुन्हा चेहरा पाडतो.

ताळेबंदाची एक खोड अशी की तो शिळा असतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत चालते, त्यानंतर आकडे दाखल करायला आणखी तीस दिवस. म्हणजे दिवाळीच्या सुमारास आपण वाचतो ती गुढीपाडव्याच्या आसपासची श्रीमंती. तेवढ्यात ऑर्डर जाऊन दुसऱ्याचा ड्रायर बसलेला असतो. त्यामानानं ताजी बातमी देतो तो तारणाचा फॉर्म. कंपनीनं बँकेकडून यंत्रावर किंवा जागेवर कर्ज घेतलं की त्या बोज्याची नोंद साधारण तीस दिवसांत करावी लागते. कोणती बँक, किती रक्कम, काय तारण, सगळं त्यात. ज्यानं कर्ज काढलं तो खर्च करणार, हे सांगायला सीएचा एकही ग्रुप सुटायला लागत नाही.

पण ही बातमी आपल्यालाच लागली असं समजू नये. आकडे गोळा करून विकणाऱ्या कंपन्या आहेत. वर्षाची वर्गणी भरली की कर्ज, नवी शेड, संचालकबदल यांच्या सूचना मोबाइलवर येतात. त्या सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. अशीच एक सूचना वाचून आम्ही एका गेटावर पोचलो, तर सिक्युरिटी केबिनमध्ये बसायला जागा नव्हती. फोर्कलिफ्टवाले होते, अग्निशमनवाले होते, सीसीटीव्हीवाले, विमावाले, ईआरपीवाले, कँटीनच्या जेवणाचं कंत्राट घेणारे एक गृहस्थ डब्यात नमुना घेऊन आले होते. वॉचमनमामांच्या रजिस्टरात 'कामाचे स्वरूप' असा रकाना असतो. पहिल्यानं तिथं 'साहेबांचे अभिनंदन' लिहिलं होतं. खाली सगळ्यांनी 'वरीलप्रमाणे' अशा दोन-दोन टिंबांच्या खुणा मारल्या होत्या. कोपऱ्यातला एक जण कुठल्या कंपनीचा ते कळेना. चौकशी केली तर तो या सूचना पाठवणाऱ्या कंपनीचाच निघाला. या मालकाला तो वर्गणीदार करायला आला होता.

मालक बाहेर आले ते हैराण होऊन. म्हणाले, "अहो, कर्ज मंजूर झालेलं मी अजून घरी सांगितलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?" सगळे नम्रपणे एकमेकांकडे बघू लागले. डबेवाले गृहस्थ तेवढ्यात पुढे सरकले आणि म्हणाले, "साहेब, आधी दोन घास खाऊन घ्या."

याशिवाय पतमानांकन संस्थांची टिपणं असतात, तीही फुकट. ज्यांनी बँकेकडून मोठी कर्जं घेतली आहेत त्यांच्याबद्दल ही टिपणं मोकळेपणानं लिहितात: नवा प्लांट कुठे, खर्च किती, पैसा कुठून. बलस्थानांत पहिली ओळ बहुधा 'प्रवर्तकांचा प्रदीर्घ अनुभव' ही असते. कमकुवत बाजूंत खेळत्या भांडवलाची ओढाताण असते. दोन्ही एकत्र वाचलं की इतक्या प्रदीर्घ अनुभवानं नेमकं काय शिकवलं, हा प्रश्न पडतो. जी कंपनी मानांकन संस्थेला माहिती देत नाही, तिच्या नावापुढे 'सहकार्य करत नाही' असा शेरा पडतो. आमच्या विक्री विभागात हा शेरा आम्ही उचलला आहे. तीनदा फोन करूनही न उचलणारं गिऱ्हाईक आमच्या यादीत याच शीर्षकाखाली जातं.

प्रोप्रायटरी फर्म आणि भागीदाऱ्या मात्र या सगळ्यातून सुटतात. त्यांचा ताळेबंद निबंधकाकडे जातच नाही. भोसरीत अशी किती तरी वर्कशॉप्स आहेत जिथं फर्म सौभाग्यवतींच्या नावावर, हिशेब डायरीत आणि रोकड खिशात. सीए इंटर त्यांच्या दारावरून मान खाली घालून जातो. तिथं मला विचारतात.

एवढी विद्या घेऊन आम्ही चाकणच्या बाजूला एका कारखान्यात गेलो. गिऱ्हाईक सर्व कसोट्यांवर उतरलेलं: दुरुस्ती चढती, वीज चढती, अपुरं काम पहिल्या रकान्यात, भाऊ एकत्र. परचेस मॅनेजरांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवर उघडून कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. वरच्या पानावर आमच्याच कंपनीचं नाव होतं. आत जागोजागी पिवळा हायलायटर.

"तुमचा कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या मानानं खाली आलाय," ते म्हणाले. "आणि आम्हाला मात्र स्टील महागलं म्हणून भाव वाढवून दिलात."

मी सीए इंटरकडे पाहिलं. त्यानं पंख्याकडे पाहिलं.

"साहेब, तो प्रॉडक्ट मिक्सचा परिणाम..." मी सुरू केलं.

"असेल, असेल." त्यांनी पान उलटलं. "संचालकांचं मानधनही वाढलंय. कसे आहेत तुमचे मालक?"

"बरे आहेत."

"असणारच. आम्हाला पाच टक्के कमी करा."

इथं सीए इंटरला कंठ फुटला. त्यानं आपल्या बॅगेतून त्यांचा ताळेबंद काढला. आमचा हायलायटर हिरवा असतो. "साहेब, आम्ही लघुउद्योग आहोत. आमच्यासारख्यांचे पैसे करार केला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असा 2006 चा कायदा आहे. 2023-24 पासून तर मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरू देत नाहीत. तुमच्या टीपेत लघुउद्योगांची बरीच देणी त्याच्या पुढे गेलेली दिसतात."

"ती बिलं वादातली आहेत," मॅनेजर शांतपणे म्हणाले.

"वादग्रस्त देण्यांचा रकाना वेगळा असतो, साहेब. तो निरंक आहे."

खोलीत फक्त एसीचा आवाज राहिला. मॅनेजरांनी बेल दाबली आणि शिपायाला सांगितलं, "तीन चहा. चांगले."

चहा झाला. ते पाच म्हणत होते, आम्ही शून्य. सौदा दोन टक्क्यांवर तुटला. परत येताना गाडीत माझ्या मनात आलं, मोटारसायकलवर फिरायचो तेव्हाही शेवटी दोनच टक्के सुटायचे. ते दोन टक्के कोटेशनमध्ये आधीच चढवलेले असतात, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं. आम्हा दोघांच्या ताळेबंदांत मिळून शे-सव्वाशे पानं होती. या दोन टक्क्यांचा उल्लेख कुठल्याच टीपेत नव्हता. एकट्यालाच दुसऱ्याचे आकडे दिसत होते तोवर त्यात मजा होती. दोघांनाही दिसायला लागल्यावर घासाघीस आहे तिथंच राहिली, फक्त तिला तळटिपा लागल्या.

ऑर्डरसोबत व्हेंडर नोंदणीचा फॉर्म आला. त्यात तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागितले होते. मी फोन केला, "साहेब, ते तुमच्याकडे आहेतच की. पिवळे केलेले."

"ते आम्ही मिळवलेले," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही दिलेले फायलीला लागतात."

हा सगळा वृत्तांत मी मालकांच्या कानावर घातला. मानधनाचा विषय निघाला एवढंच त्यांनी ऐकलं आणि लगेच सीएंना बोलावून घेतलं. सीए वयस्कर, मालकांच्या वडिलांपासूनचे. मालक म्हणाले, "काका, यंदा ताळेबंदात आपण जरा गरीब दिसलो पाहिजे. गिऱ्हाइकं वाचायला लागलीत."

काकांनी चष्मा काढून पुसला. "गेल्या महिन्यात तू कर्जमर्यादा वाढवायला बँकेत गेला होतास. तेव्हा श्रीमंत दिसायचं होतं."

"ते बँकेपुरतं."

"आणि आयकराचं बघताना?"

"तेव्हा बेताचंच बरं."

"एकाच ताळेबंदात तिन्ही कसं बसवू, अरे?"

मालकांनी बराच विचार केला. मग हताश होऊन म्हणाले, "जाऊ दे काका. जे खरं आहे तेच लिहा."

"ते मी तुझ्या वडिलांच्या वेळेपासून लिहितोय," काका चष्मा चढवत म्हणाले. "पण ते तिघांपैकी कुणालाच खरं वाटत नाही."